नमनालाच ४७ सेकंद

‘आमचा चौघांचा रॉक बँड आहे, नाशिकचा. मराठीत स्वतःची गाणी करतो. डिसेंबरात पहिलं सिंगल काढलं, ४ मिनिटं ३८ सेकंदांचं. सुरुवातीला ४७ सेकंद नुसत्या गिटार आहेत. पहिल्या २८ दिवसांत स्पॉटिफायवर ४१२ स्ट्रीम, १८८ श्रोते, ९ सेव्ह. यूट्यूबवर ११५० व्ह्यू, पण सरासरी ५२ सेकंदच पाहिलं गेलंय. मग एका प्रमोशनवाल्याला साडेतीन हजार रुपये देऊन “१०,००० स्ट्रीमची गॅरंटी” घेतली. चार दिवसांत आकडा ८,९०० वर गेला, आठवड्यात सगळा उतरला आणि वर डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी चढवणाऱ्या कंपनीचा, इशाऱ्याचा मेल आला. एका वेबसाइटने दोन ओळी लिहिल्या : “वाजवणं दमदार, पण ध्वनी गढूळ.” यूट्यूबवर एकाची कमेंट आहे : “भावा, शब्दच कळत नाहीत.” आमचा गिटारिस्ट म्हणतो, इंडीत, म्हणजे स्वतंत्र बँडच्या संगीतात, गायकाचा आवाज मागेच असतो, लोकांना समज नाही. दुसरं गाणं “वळीव” तयार आहे. शब्द एका मित्राचे आहेत, तो आता बँडमध्ये नाही. गणेशोत्सवात काढायचा विचार आहे. पहिलं गाणं लोकांना आवडलं नाही असंच समजायचं का? आणि त्या कमेंटला उत्तर द्यावं का?’
— एक बेसिस्ट, नाशिक

प्रिय बेसिस्ट,

पत्रासोबत तुम्ही यूट्यूब स्टुडिओतल्या आलेखाचा फोटो जोडलात, हे फार बरं केलंत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. विसाव्या सेकंदाला शंभरातले ४१ जण उरलेत. सत्तेचाळिसाव्या सेकंदाला, म्हणजे तुमचा गायक तोंड उघडतो तेव्हा, २४. ध्रुवपद १:३५ ला येतं, तिथे १५. आणि तिथून पुढे शेवटपर्यंत रेघ जवळजवळ आडवी आहे, गाणं संपताना अजून ११ जण ऐकतायत. नावडतं गाणं असं दिसत नाही. नावडत्या गाण्याची रेघ शेवटपर्यंत घसरत राहते. तुमच्या ध्रुवपदापर्यंत जो पोचला तो थांबला. बाकीचे वाटेतच सांडले : मोठा घोळका गाणं सुरू होण्याआधी आणि उरलेल्यांतले बरेच पहिल्या कडव्यात, जिथे शब्द ऐकू येत नाहीत.

स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरला जातो. म्हणजे तुमच्या ४१२ मध्ये असेही असतील ज्यांनी गायकाचा आवाज ऐकलेलाच नाही. अशा माणसाला गाणं आवडलं की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही.

तेव्हा आधी इंट्रो कापा. नमनाला घडाभर तेल प्रत्यक्ष कार्यक्रमात शोभतं. तिथे लोक समोर उभे असतात, दिवे असतात, ड्रमर काठ्या उगारून थांबलेला असतो. फोनवर अंगठा वर सरकवायला अर्धा सेकंद पुरतो. ‘वळीव’च्या डेमोतही ३९ सेकंदांचं नमन आहेच : आधी पावसाचा आवाज, मग एक गिटार, मग दुसरी, मग ड्रम. पावसाचे चार सेकंद ठेवा, दोन्ही गिटार एकदमच आणा आणि बाराव्या-चौदाव्या सेकंदाला पहिली ओळ सुरू होऊ द्या. अख्खं इंट्रो कार्यक्रमासाठी राखा, पुढेमागे ईपी (छोटा अल्बम) काढलात तर त्यात घाला. दुसऱ्या कडव्यानंतरचा सोलोही आत्ता १६ मात्रांच्या चार आवर्तनांचा आहे. दोन पुरेत. गिटारिस्ट रागावेल. रागावू द्या.

आता त्याच्याच मुद्द्याकडे येऊ, कारण तो अगदीच चुकीचं बोलत नाहीये. आवाज मागे ठेवण्याची परंपरा खरी आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावच्या आर.ई.एम. या बँडचं पहिलं सिंगल १९८१ मध्ये आलं तेव्हा गायक मायकेल स्टाइपचे निम्मे शब्द कुणाला लागत नव्हते, तरीही समीक्षकांनी ते उचलून धरलं. पण तिथे शब्द पुसट असले तरी चाल कानावर येते, गाणारा माणूस खोलीत आहे हे जाणवतं. तुमच्या गाण्यात चालही गिटारच्या भिंतीमागे गेलीये. गायक गातोय हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, एवढंच. पहिली गोष्ट ठरवून होते, दुसरी मिक्समधल्या चुकीने. यातली चूक नेमकी कुठे आहे ते सांगतो.

दोन्ही गिटारवर गेन, म्हणजे आवाज फाटेपर्यंत वाढवणारी पातळी, भरपूर आहे, ऐकून वाटतं की बटण सातच्या पुढे. डिस्टॉर्शन जितकं जास्त तितका आवाज दाबला जाऊन सपाट होतो, आणि २ ते ४ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात करकर भरून राहते. नेमक्या त्याच पट्ट्यात आपली व्यंजनं ओळखू येतात. ‘च’ आणि ‘स’ तरी वरच्या पट्टीत तग धरतात, पण ‘ळ’, ‘ण’, ‘व’ हे मवाळ वर्ण साफ बुडतात. आणि गाण्याचं नावच ‘वळीव’! तेव्हा गेन चार-पाचवर आणा आणि तोच भाग दोनदा वाजवून रेकॉर्ड करा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. कॉपी-पेस्ट नको, खरोखर दोनदा वाजवा. हातांत पडणारा बारीक फरकच ध्वनी रुंद करतो, कॉपी केली तर दोन्ही मिळून मध्येच बसतात. कमी गेनच्या दोन गिटार एका जास्त गेनच्या गिटारपेक्षा मोठ्या वाटतात, हे करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

मग गिटारवर ९०-१०० हर्ट्‌झखालचं काढून टाका. ती जागा तुमची, म्हणजे बेसची आहे आणि सध्या तिथे तीन जण दाटीवाटीने बसलेत. २०० ते ४०० हर्ट्‌झमध्ये दोन-तीन डीबी (डेसिबल) कमी करा. वेबसाइटवाला ज्याला ‘गढूळ’ म्हणतो ते तिथे आहे. ३ किलोहर्ट्‌झच्या आसपासची दोन-तीन डीबीची घट मात्र कायमची लावू नका. डायनॅमिक ईक्यू वापरा, त्याला गायकाच्या ट्रॅकवरून इशारा द्या, म्हणजे गायक गात असतानाच गिटार बाजूला सरकतील आणि ओळ संपली की पुन्हा पुढे येतील.

गायकाच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणारं साधन) लावण्याआधी हाताने काम करावं लागेल. मराठी ओळ बहुतेक वेळा क्रियापदावर संपते आणि अर्थ तिथेच पुरा होतो : ‘गेलो’, ‘होतं’, ‘राहिली’. नेमका तिथेच गायकाचा श्वास संपत आलेला असतो आणि आवाज खाली बसतो. तुमच्या पहिल्या गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या चारही ओळींचं शेवटचं अक्षर ऐकूच येत नाही. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द वेगळा कापून दोन-तीन डीबी वर घ्या. तासा-दीड तासाचं कंटाळवाणं काम आहे, पण महागड्या प्लगइनने होणार नाही असा फरक त्याने पडतो. त्यानंतर दोन कॉम्प्रेसर एकामागे एक : पहिला झटपट चालणारा, तीन-चार डीबी दाबणारा, दुसरा सावकाश, दोन-तीन डीबीचा. एकाच कॉम्प्रेसरवर आठ डीबीचं ओझं टाकलं की श्वास मोठे होतात आणि स्वर गुदमरतो.

रिव्हर्ब, म्हणजे आवाजामागची घुमणारी छाया, अडीच-तीन सेकंदांचा लागलेला दिसतोय. १.२ च्या आसपासचा, प्लेट प्रकारचा घ्या, प्री-डीले ४० ते ६० मिलिसेकंद ठेवा म्हणजे आधी शब्द पोचेल, मग त्याची छाया. रिव्हर्बमधलं ३०० हर्ट्‌झखालचं काढा.

मिक्स झालं की तुमच्यापैकी कुणीही ते तपासायचं नाही. तुम्हा चौघांना शब्द पाठ आहेत, तुम्हाला ते भिंतीपलीकडूनही ऐकू येतील. गाणं कधीच न ऐकलेल्या तिघांना बोलवा, फोनच्या स्पीकरवर मध्यम आवाजात एकदाच लावा आणि ऐकू येईल ते लिहायला सांगा. दहापैकी आठ ओळी बरोबर आल्या तर पुढे जा. पाच आल्या तर गायकाला एक डीबी वर घ्या आणि नवीन तिघं शोधा, जुने तिघं आता बाद. एकदा चालत्या रिक्षात ऐका. एकदा एकाच कानात इअरबड घालून ऐका. गिटार रुंद करण्यासाठी एखादं स्टीरिओ वाढवणारं प्लगइन लावलं असेल, तर मोनोत ती अर्धी गायब होतात आणि कॉलेज रोडवर बसलेले निम्मे लोक एकाच कानाने ऐकतात. तुमचा बेसही त्याच वेळी तपासा. फोनच्या स्पीकरमधून २०० हर्ट्‌झखालचं फारसं बाहेर पडत नाही, म्हणून बेसला थोडं सॅच्युरेशन (हलकं डिस्टॉर्शन) द्या. त्याचे वरचे स्वरांश ऐकू आले की कान खालचा सूर आपोआप भरून घेतो.

मास्टरबद्दल, म्हणजे प्रसिद्ध करायच्या अंतिम प्रतीबद्दल, थोडक्यात. पहिल्या गाण्याचं मास्टर −७ एलयूएफएसला (सरासरी मोठेपणाच्या मापावर) आहे. स्पॉटिफायची नेहमीची सेटिंग गाणी −१४ च्या पातळीवर आणून वाजवते, म्हणजे तुमचं गाणं सात डीबी खाली ढकललं जातं. ड्रमची धार चेपून जो मोठेपणा मिळवला तो तिथे काढून घेतला, धार मात्र परत मिळाली नाही. हट्टाने −१४ गाठायची गरज नाही, रॉकला −१० च्या आसपास पुरेसा जोर येतो. एवढं मोठं मास्टर असेल तर ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वोच्च टोक) −२ डीबीखाली ठेवा, नाहीतर एमपी३सारख्या दाबलेल्या रूपात झांजा फाटतात. मास्टरिंगवाल्याला २४ बिटची वेव्ह फाइल द्या, सॅम्पल रेट सेशनचाच, मास्टरवरचा लिमिटर काढलेला, सर्वांत उंच टोक −६ ते −३ डीबीमध्ये. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल मास्टर करून मागणारे बँड अजूनही आहेत. तुम्ही त्यांतले नसाल असं धरून चालतो.

त्याच बैठकीत तीन प्रती काढून घ्या : पूर्ण गाणं, गायकाशिवायचं आणि रेडिओसाठीचं. ‘वळीव’च्या दुसऱ्या कडव्यात जी शिवी आहे ती गाण्यात शोभते, काढू नका. अपलोड करताना ‘एक्स्प्लिसिट’ची खूण करा आणि रेडिओच्या प्रतीत गायकाकडून दुसरा शब्द गाऊन घ्या. बीप नको, बीपने शिवी जास्तच ऐकू येते. ब्रिटिश बँड रेडिओहेडनेही ‘क्रीप’ची रेडिओसाठीची प्रत अशीच शब्द बदलून केली होती. त्या सिंगलची गोष्ट तुमच्या पहिल्या प्रश्नालाही लागू पडते. १९९२ मध्ये ते ब्रिटनमध्ये आलं आणि यादीत ७८ व्या क्रमांकावर अडकलं. मग इस्रायलमधल्या आणि अमेरिकेतल्या रेडिओंवर ते वाजत राहिलं, आणि १९९३ मध्ये पुन्हा काढल्यावर त्याच ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकावर गेलं. गाणं तेच होतं, आधी ते चुकीच्या कानांवर पडत होतं.

यावरून तुमच्या साडेतीन हजारांकडे. ते गेले असं समजा. गॅरंटी देणारा माणूस श्रोते विकत नसतो. स्वतः गाणी वाजवत बसणाऱ्या यंत्रांचा ताफा त्याच्याकडे असतो. ८,९०० स्ट्रीम आले त्या चार दिवसांत सेव्ह एकानेही वाढले नाहीत आणि जवळजवळ सगळे श्रोते परदेशातल्या एकाच शहरातले, हे तुमच्याच स्क्रीनशॉटमध्ये दिसतंय. स्पॉटिफाय असे स्ट्रीम मोजणीतून काढतं आणि २०२४ पासून फारच उघड प्रकार असला तर दर गाण्यामागे डिस्ट्रिब्युटरला दंडही लावतं. डिस्ट्रिब्युटर तो तुमच्याकडून वसूल करतो किंवा गाणंच उतरवतो. इशाऱ्याच्या मेलला उत्तर द्या. कुणाकडून, कधी, किती पैशांची जाहिरात घेतली ते सरळ लिहा, पावती जोडा, पुन्हा करणार नाही असं सांगा. गप्प बसलात तर पुढच्या खेपेला इशारा न देताच गाणं उतरेल.

यात पैशांहून मोठं नुकसान वेगळंच आहे. हे गाणं ऐकणारे आणखी काय ऐकतात, यावरून ते पुढे कुणाला सुचवायचं हे ठरतं. यंत्रं काय वाटेल ते ऐकतात. थोड्या प्रमाणात हेच नातेवाइकांच्या बाबतीतही होतं. आत्या कौतुकाने तुमचं गाणं लावते आणि मग दिवसभर भावगीतं ऐकते. आत्याला घरी बसवून ऐकवा, लिंक पाठवू नका. लिंक अशा तीस-चाळीस लोकांना पाठवा जे एरवीही मराठी, हिंदी किंवा इंग्रजी रॉक ऐकतात. त्यांना ‘सपोर्ट करा’ म्हणू नका. ‘आवडलं तर सेव्ह करा आणि तुमच्या एखाद्या प्लेलिस्टमध्ये घाला’ असं नेमकं सांगा. आवाज बंद करून रात्रभर गाणं फिरवत ठेवण्याचा मित्रांचा उत्साह मात्र आवरा, तोही बनावट स्ट्रीममध्येच धरला जातो.

आता गणेशोत्सव. नको. त्या दिवसांत आरत्या, भक्तिगीतं आणि ढोल-ताशांचा पूर असतो, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या देखाव्यांनी भरलेल्या असतात. शिवाय वळीव एप्रिल-मेचा. भाद्रपदात ‘वळीव’ काढणं म्हणजे दिवाळीनंतर आकाशकंदील विकायला बसणं. तुमचं पत्र मार्चच्या पहिल्या आठवड्यातलं आहे, तेव्हा मेचा दुसरा शुक्रवार गाठता येतो. परीक्षा संपलेल्या असतात आणि दुपारी साडेचारला आभाळ भरून येतं त्या दिवशी तुमच्याकडे पोस्ट तयार असते. आयपीएलचा बाऊ करू नका, फक्त संध्याकाळी साडेसातनंतर काही टाकू नका. शुक्रवार एवढ्यासाठी की २०१५ च्या जुलैपासून जगभर नवी गाणी शुक्रवारी येतात आणि स्पॉटिफायची ‘रिलीज रडार’ यादीही शुक्रवारीच बदलते.

तिथून उलट मोजत या. मिक्स ३१ मार्चपर्यंत, मास्टर ५ एप्रिलपर्यंत, डिस्ट्रिब्युटरकडे अपलोड १० एप्रिलपर्यंत. पहिल्या वेळी तुम्ही मंगळवारी अपलोड करून शुक्रवारी गाणं काढलंत. त्यामुळे दोन गोष्टी हुकल्या. गाणं प्रसिद्ध होण्याआधी ते ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’मध्ये दिसतं आणि तिथून त्यांच्या संपादकांकडे पाठवता येतं. एका वेळी एकच गाणं, ५०० अक्षरांची टीप, आणि एकदा प्रसिद्ध झालं की ही वाट बंद. शिवाय किमान सात दिवस आधी पाठवलं, तर तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या ‘रिलीज रडार’मध्ये ते जातं. तीन दिवसांत यातलं काहीच जमणार नव्हतं. ५०० अक्षरांत ‘आमचं गाणं मनापासून आहे’ असं लिहू नका, सगळेच तसं लिहितात. भाषा कुठली, वेग काय, वाद्यं कोणती, गाणं कशाबद्दल, कुठल्या गावचा बँड, प्रसिद्धीसाठी पुढे काय काय ठरलंय हे लिहा. ‘नाशिकच्या चौघांचं मराठी रॉक, वळवाच्या पहिल्या सरीत रस्त्यात अडकलेल्या माणसाचं, ८ मे नंतर तीन कार्यक्रम’ असा मजकूर संपादकाच्या कामाचा असतो. तारखा अर्थातच तुमच्या खऱ्या घाला.

अपलोडचा फॉर्म घाईत भरू नका, इथे झालेली चूक निस्तरायला आठवडे लागतात. बँडचं नाव पहिल्या वेळी ज्या लिपीत, ज्या स्पेलिंगने दिलं तसंच द्या आणि आधीचंच प्रोफाइल निवडा. एकदा देवनागरी, एकदा रोमन दिलंत तर दोन वेगळे बँड तयार होतात आणि श्रोते विभागतात. गाण्याच्या नावाचा घोळ वेगळा. ‘वळीव’ रोमनमध्ये कुणी व्ही-ए-एल-आय-व्ही शोधेल, कुणी डब्ल्यूने सुरू करेल, कुणी मध्ये दोन ई घालेल. एकच स्पेलिंग ठरवा, पोस्टरपासून यूट्यूबपर्यंत तेच वापरा. यूट्यूबच्या वर्णनात मात्र देवनागरी नाव आणि इतर स्पेलिंगही एका ओळीत घाला. भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ निवडा. हिंदी आपोआप निवडलेली असेल तर तशीच राहून जाते, आणि मग गाणं हिंदीच्या ढिगात. कंटेंट आयडीच्या (दुसऱ्यांच्या व्हिडिओंत तुमचं रेकॉर्डिंग शोधून दावा करणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेच्या) रकान्यावर खूण करण्याआधी तो पावसाचा आवाज कुठून आणलाय ते बघा. फुकटच्या संग्रहातला असेल तर तोच आवाज शेकडो लोकांनी वापरलेला असतो आणि तुमच्या नावाने भलत्याच लोकांच्या व्हिडिओंवर दावे जातात. गेल्या पावसाळ्यात कुणी गच्चीवर रेकॉर्ड केलं असेल तर ते वापरा. तुमचं स्वतःचं यूट्यूब चॅनल डिस्ट्रिब्युटरच्या सूट-यादीत घालायलाही विसरू नका, नाहीतर पहिला दावा तुमच्याच व्हिडिओवर येईल.

कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, आरजीबी, त्यावर इन्स्टाग्रामचं हँडल किंवा तारीख नको. एवढंच.

शब्द लिहिणाऱ्या मित्राचं काम अपलोडच्या आधी उरका. एक पान पुरतं : गाण्याचं नाव, शब्द कुणाचे, चाल कुणाची, टक्केवारी, प्रत्येकाचं कायदेशीर पूर्ण नाव, तारीख, सह्या. शब्दांना अर्धा आणि चालीला अर्धा वाटा ही रुळलेली वाटणी. चाल चौघांनी मिळून केली असेल तर तो अर्धा चौघांत कसा, तेही लिहा. ‘आपलंच आहे रे’ म्हणून हे टाळलेले बँड पुढे गाणं एखाद्या वेबसीरिजला जाताना अडकतात, कारण तिथे पहिला कागद हाच मागतात. फॉर्ममध्ये गीतकार म्हणून मित्राचं नाव गेलंच पाहिजे. तुम्ही आणि तो, दोघंही आयपीआरएसचं सदस्यत्व घेऊन गाणं नोंदवू शकता. ही गीतकार-संगीतकारांची संस्था आहे, डिस्ट्रिब्युटर देतो त्याहून वेगळी रॉयल्टी तिथून येते. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनंतर हा हक्क गीतकाराकडून नुसत्या कराराने लिहून घेता येत नाही, तेव्हा ‘मी सगळे हक्क सोडतो’ अशी ओळ त्या पानावर घालू नका.

पैशांच्या अपेक्षेचंही बोलून टाकू. स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याचे मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाले नसतील तर त्यावर रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. डिस्ट्रिब्युटर वार्षिक फीवाला असेल तर फी थांबली की बहुतेकदा गाणंही उतरतं, हे चौघांनी आत्ताच ठरवून फी कुणाच्या खात्यातून जाणार ते लिहून ठेवा. बँड फुटतात तेव्हा गाणी अशीच नाहीशी होतात.

पहिल्या गाण्याचं काय करायचं? सध्या राहू द्या. ‘वळीव’ दोन गाण्यांचं सिंगल म्हणून काढा : पहिलं ‘वळीव’, दुसरं जुनं गाणं नव्या मिक्ससह, इंट्रो १० सेकंदांवर आणून. नवं मिक्स म्हणजे नवं रेकॉर्डिंग, त्याला नवा आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख-) क्रमांक लागतो आणि जुने ४१२ स्ट्रीम त्याच्याकडे येत नाहीत. येऊ नयेतच, त्या गाण्याला आता इशाऱ्याचा डाग आहे. महिनाभराने जुनं उतरवा.

माध्यमांना मेल १५ ते १८ एप्रिलच्या दरम्यान जाऊ द्या. विषयात बँडचं नाव, गाव, गाण्याचं नाव, तारीख. आत १२० शब्द, पासवर्ड न मागणारी खासगी लिंक, आडवे दोन फोटो ज्यांवर काही लिहिलेलं नाही, आणि देवनागरीत संपूर्ण शब्द. गाण्याची फाइल जोडू नका. सात दिवसांनी एकदाच आठवण करा. ज्याने ‘गढूळ’ लिहिलं त्याला यादीत सर्वांत वर ठेवा. त्याने तुमचं गाणं शेवटपर्यंत ऐकलंय, असे लोक थोडे. ‘मागच्या वेळी तुम्ही ध्वनीबद्दल लिहिलं होतं, मिक्स बदललंय’ एवढी एक ओळ पुरे. नाशिकचं रेडिओ विश्वास आणि पुणे विद्यापीठाचं विद्यावाणी या सामुदायिक केंद्रांनाही रेडिओची प्रत पाठवा. व्यावसायिक एफएमच्या दारात महिनाभर उभं राहण्यापेक्षा इथे ऐकणारा माणूस लवकर भेटतो.

गाणं आल्यावर पहिले तीन दिवस आकडे बघू नका, ते ओळखीच्यांचे असतात. चौदाव्या दिवशी तीनच गोष्टी वहीत लिहा : शंभर श्रोत्यांमागे सेव्ह किती (मागच्या वेळी जेमतेम पाच होते), दर श्रोत्याने किती वेळा ऐकलं (मागच्या वेळी २.२), आणि आलेखात गायक सुरू होतो तिथे किती उरले (मागच्या वेळी २४). दुसऱ्या कुठल्या बँडशी तुलना नको, तुमच्याच पहिल्या गाण्याशी करा. तिसरा आकडा वर गेला आणि पहिला तिथेच राहिला, तर मिक्स सुधारलं पण गाणं अजून पुरतं भिडलेलं नाही. पहिला वर गेला आणि श्रोते मात्र थोडेच, तर गाण्याला हात लावू नका. मग फक्त ते पोचवायचं काम उरतं : दर आठवड्याला एक १५ सेकंदांचा तुकडा, ध्रुवपदापासून सुरू होणारा. बऱ्याच डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्ये क्लिप कुठून सुरू व्हावी याचा रकाना असतो, तिथे इंट्रोऐवजी ध्रुवपदाची वेळ घाला.

राहिला तो कमेंटवाला. उत्तर आजच द्या, आणि गिटारिस्टला लिहू देऊ नका. ‘बरोबर आहे, मिक्स चुकलं होतं, हे घ्या शब्द’ म्हणून खाली सगळे शब्द टाका आणि त्याची कमेंट वर पिन करा. नवं मिक्स तयार झालं की, बाहेर यायच्या आधी, त्याला लिंक पाठवा आणि एकच विचारा : दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द कुठला?